कुणाला काही त्रास?

सनिका माझ्या मागे चालत होती, म्हणून फक्त तिलाच दिसलं.

कारापूरच्या मागच्या डोंगरावरून आम्ही उतरत होतो. वाटेवर जांभ्याची गोल खडी. असल्या खडीवर पाय टाकला की बूट चाकं लावल्यासारखा पळतो. पोरं पुढे गेली होती. उतारावर माझा डावा गुडघा अडकला. वाकेना आणि सरळही होईना. पाठीवरच्या सॅकसकट मी खाली बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा पडलो.

"सर!"

"ओरडू नको."

तिने काठी टाकली आणि हात दिला. मी गुडघा चोळला, आत कुठेतरी टक् झालं आणि तो सुटला. तोवर पुढची माणसं वळणाआड गेली होती.

"कुणाला सांगू नको," मी म्हणालो. "सगळे घाबरतील."

"सांगूचंय नाय, सर."

सतरा वर्षांची मुलगी. तिने शब्द पाळला. पाळला नसता तर फार बरं झालं असतं.

मी मूळचा खाणीवरचा माणूस. सेफ्टी ट्रेनर. डंपर रिव्हर्स घेताना मागे कोण उभं राहायचं, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली का बांधायचा, हे लोकांना शिकवून पोट भरलं. खाणी बंद पडल्या आणि मी डिचोलीत घरी बसलो. सकाळी बाजारात जायचं, पावाचे उंडे आणि मासळी घेऊन यायचं, संपला दिवस. पन्नाशी नुकतीच उलटलेली. ओळखीचे लोक विचारायचे, "गावस सर, सध्या काय?" मी मासळीची पिशवी दाखवून पुढे चालायचो.

अशात एका हायर सेकंडरीच्या प्रिन्सिपल, देसाई मॅडम, यांचा फोन आला. अकरावी-बारावीच्या मुलांना सह्याद्रीत आठवडाभराच्या बॅकपॅकिंग ट्रेकला न्यायचं होतं. तंबू, तांदूळ, टोप, सगळं आपापल्या पाठीवर. "आमच्या लोकांना सहल माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बस, डबे, अंताक्षरी. तुम्ही तरुणपणी पुष्कळ डोंगर केलेत म्हणे. मुलांना तयार करा. आणि मुलांच्या आधी मोठ्यांना." त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं.

त्याच्या महिनाभर आधी म्हापशाच्या एका डॉक्टरने मला सांगितलं होतं, की गुडघ्यातली गादी फाटली आहे. सपाटीवर चाला, थोडं चढा. पण पाठीवर ओझं आणि पायाखाली उतार, दोन्ही एकत्र नको. हे मी मॅडमना सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं.

मोठ्यांत दोघे लीडर होते. शीतल टीचर पेडण्याच्या, बायोलॉजी शिकवायच्या. आवाज हळू, नजर तीक्ष्ण. दुसरा बाबली, मुळगावचा. पूर्वी स्वतःचा ट्रक होता, आता शाळेची बस चालवतो. मुलं त्याला बाबलीकाका म्हणतात आणि त्याचं ऐकतात. दोघांनाही मी ट्रेकची वाट आधी दोनदा दाखवून आणली. दोन्ही वेळा सॅक बाबलीच्या गळ्यात मारली आणि उतारावर "फोटो काढतो" म्हणून मागे राहिलो.

लोकांना वाटतं, ट्रेकची तयारी म्हणजे चालण्याचा सराव. तो असतोच, पण खरं काम ओझ्याचं. सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नको, आणि तिचा भार खांद्यावर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा. सरावाच्या पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या सॅक भुसारी दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. बारावीतल्या रोहनच्या सॅकमध्ये दोन नारळ आणि एक लोखंडी खवणी निघाली.

"ही कशाला रे?"

"आई म्हणाली, रानात नारळ एकवेळ गावतलो, खवणी कोण दितलो?"

बाबली म्हणाला, "आवय बरोबर सांगता. पण मग तिकाच न्हेवया. खवणी ती घेवन येतली."

दुसरी गोष्ट पाय. फोड एकदम येत नाही. आधी ती जागा गरम लागते. तिला हॉट स्पॉट म्हणतात. गरम लागलं की लगेच थांबायचं, बूट काढायचा, तिथे टेप लावायची. पाच मिनिटांचं काम. ते केलं नाही तर फोड, फोड फुटला तर जखम, आणि जखम चिघळली तर त्या माणसाचा ट्रेक संपतो, कधी कधी सगळ्यांचाच. खाणीवरही मी हेच शिकवायचो. बारकं असेल तेव्हाच सांगा.

आणि तिसरी गोष्ट स्वीप. स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा. झाडूसारखा, मागे राहिलेल्याला गोळा करत येणारा. त्याच्यामागे कुणी नसतं, म्हणून तो भरवशाचा लागतो. सनिकाला मी स्वीप केलं. तिचे वडील सिंधुदुर्गातून ट्रकवर कामाला आले आणि मुळगावात राहिले. ती कमी बोलायची. पाय लोखंडाचे.

प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला दोन गोष्टी व्हायच्या. एक बाबलीचं गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की तिथल्या राखणदार देवाला सांगून काढतात. डोंगराच्या पायथ्याशी घुमटीपुढे बाबली नारळ हातात घेऊन उभा राहायचा.

"बा देवा म्हाराजा! हीं भुरगीं आज तुज्या रानात येतत. खंय चुकलीं-माकलीं तर वाट दाखय, आनी सगळ्यांक सुखरूप घरा हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पोरं एका दमात. डोंगरावरून आवाज परत यायचा.

मग माझा टूलबॉक्स टॉक. खाणीवर शिफ्टच्या आधी उभ्याउभ्या पाच मिनिटं बोलतात त्याला हे नाव. मी विचारायचो, "पाणी भरलंय?" "व्हय!" "लेस घट्ट?" "व्हय!" "कुणाला काही त्रास?" "नाय!" गाऱ्हाण्याचा दम अजून उरलेला असायचा, त्यामुळे हे आवाजही तसेच खणखणीत यायचे. मला ते फार आवडायचं. एकदा देसाई मॅडम बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय शिस्त आहे हो!" मी खूश झालो.

गुडघा अडकला त्यानंतरच्या शनिवार-रविवारी मोठा सराव होता. पूर्ण ओझं, एक मुक्काम. रविवारी दुपारी ओढ्याकाठी जेवायला थांबलो. सगळ्यांनी बूट काढून पाय पाण्यात सोडले. सनिका बूट काढेना.

शीतल टीचर तिच्याजवळ जाऊन बसल्या. "काढ गो."

"नको टीचर, बरी आसंय."

"मी विचारलं नाही. काढ म्हटलं."

बूट निघाला. मोजा निघेना, टाचेला चिकटला होता. पाणी घालून सोडवला. आत तिने प्लास्टिकची पिशवी कापून टाचेवर बांधली होती, रक्त मोज्यातून बाहेर दिसू नये म्हणून. फोड आदल्या आठवड्यातला. फुटून पिकला होता. टाच लाल, गरम, सुजलेली. तशा टाचेने ती दोन दिवस सगळ्यांच्या मागून चालली होती.

"कित्याक सांगलंस नाय?" टीचरनी विचारलं.

सनिकाने खाली बघितलं. "सगळे घाबरतील," ती म्हणाली.

घरी ती मालवणी बोलते. हे वाक्य तिने माझ्या भाषेत, माझ्याच शब्दांत म्हटलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. एवढंच, की लीडर दुखणं असं सांभाळतो, हे तिने माझ्याकडून उचललं होतं. शिकवलेलं सगळं ती नीट शिकायची, हेही शिकली.

मी टेप काढली, जखम धुतली, बांधली.

सोमवारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

"डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवसांत बरी होईल. ट्रेक त्याच सुमारास आहे. पण माझा प्रश्न पायाचा नाही, गावस सर. जी मुलगी जखम लपवते तिला मी रानात कशी पाठवू? वर काही झालं तर?"

"बरोबर आहे."

"नियम तुमचाच आहे. बारकं असेल तेव्हाच सांगा."

"हो."

"मग यादीतून तिचं नाव काढते."

मी होकारार्थी मान हलवली. इतकंच. माझ्या आयुष्यात मोठे गुन्हे नाहीत. हे मान हलवणं मात्र मी त्यांत धरतो.

संध्याकाळी सनिकाचे वडील माझ्या घरी आले. पायरीवरच उभे राहिले.

"सर, चेडू कालपासना जेवक नाय. चुकला तिचा, मी नाय म्हणत नाय. पण तुमी एकदा मॅडमांका सांगशात तर बरा."

"बघतो."

"ती सांगता, सरांचो काय दोष नाय."

बायकोने आतून विचारलं, "तुमचा दोष कुणी काढला होता?" चहा तसाच थंड झाला.

खरं कारण सांगतो. मला वर जायचं होतं. पुन्हा कुणीतरी "सर, आता कुठे?" असं विचारावं आणि मी काठीने वाट दाखवावी, एवढंच हवं होतं. गुडघ्याचं सांगितलं की ते जाणार. आणि वाट दाखवणाराच नाही म्हणून कदाचित ट्रेकच जाणार. म्हणजे मी गप्प बसतोय ते मुलांसाठीच, असंही मनाला पटवून झालं होतं. गप्प बसणाऱ्याला कारणांची कधी कमतरता पडत नाही.

निघण्याच्या आधी एक शेवटची मीटिंग असते. तिला गो, नो-गो म्हणतात. हवामान, सामान, माणसं सगळं बघून जायचं की नाही ते ठरवतात. आमची शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलं, पालक, मॅडम. सनिकाची जागा रिकामी. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचे नेहमीचे प्रश्न विचारा. पालकांनाही ऐकू द्या."

"सामान पूर्ण?"

"व्हय!"

"कुणाला काही त्रास?"

"नाय!"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी पोरांचे चेहरे बघत होतो. एकाही पोराने प्रश्न ऐकला नव्हता. उत्तर तेवढं पाठ होतं. असं ओरडायची सवय मीच लावली होती.

"मला आहे," मी म्हणालो.

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

मी गुडघ्याचं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं. मग कारापूरच्या उताराचं. "सनिकाला मी म्हणालो, कुणाला सांगू नको. तिने माझं लपवलं. मग स्वतःचंही लपवलं. तिला कुणी शिकवलं ते आता तुम्हाला कळलं."

मॅडम उभ्याच होत्या. "म्हणजे मी तिचं नाव काढलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"का?"

"लाज वाटली."

एवढ्या लोकांसमोर हा शब्द उच्चारायला काय लागतं ते मला ठाऊक नव्हतं. फार काही लागत नाही. आधीची तयारीच जास्त असते.

एक पालक म्हणाले, "मग ट्रेक रद्द समजायचा का?"

शीतल टीचर उठल्या. "कित्याक रद्द? वाट आम्ही सरांबरोबर दोनदा चाललोय. वाटाड्या आहे, परवानगी आहे. एक गुडघा कमी झाला."

बाबली म्हणाला, "दोनूय खेपे सरांची सॅक म्हज्याच फाटीर आशिल्ली. सर पुढें आसले तर आमी मागें, सर नासले तर आमी पुढें. तितलेंच."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्ही वर जाणार नाही. जीप घेऊन खाली राहाल. आणि सनिकाच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगाल. मी फोन करणार नाही."

मी गेलो. तिच्या वडिलांनी खुर्ची दिली. सनिका दारात उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "सर, मी कोणाक सांगलंय नाय हां." मी म्हटलं, "माहीत आहे. तेच चुकलं, तुझं नाही, माझं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना, सनिकालाही, पुन्हा बोलावलं. या वेळी एकत्र उत्तर नाही. गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपली एक खोट सांगायची. अंगातली, सामानातली, मनातली, कुठलीही. 'काय नाय' हे उत्तर धरणार नाही. मोठ्यांपासून सुरुवात.

"म्हजी खोट म्हणजे बायल," बाबली म्हणाला.

"ती म्हणते तिची खोट तुम्ही," शीतल टीचर म्हणाल्या. पोरं खिदळली. मग बाबली म्हणाला, "खरें सांगूं? म्हाका लागींचें दिसना. नकाशो हातांत घेतां आनी मान हालयतां."

जवळचं दिसत नसताना नकाशा घेऊन गंभीरपणे मान हलवणारा बाबली आम्ही सगळ्यांनी कितीदा पाहिला होता! नकाशा टीचरांकडे गेला. टीचर म्हणाल्या, ओढ्यावर आडवं टाकलेलं झाड ओलांडायची त्यांना भीती वाटते. तिथे दोरी लावायचं ठरलं. एका मुलीने टीचरांच्या कानात सांगितलं, टीचरनी तिला विचारून ते मोठ्याने सांगितलं: ट्रेकमध्येच पाळी येणार. लगेच आणखी तिघींनी हात वर केले. ते सामान कुणी कसं न्यायचं आणि परत कसं आणायचं, हे माझ्या सगळ्या तयारीत कुठेच नव्हतं. मग रोहन. त्याला दमा आहे. पंप सॅकच्या तळाशी ठेवलेला. आईने शाळेला कळवलं नव्हतं, कळवलं तर नेणार नाहीत म्हणून. "खवणी वर आणि पंप तळाशी," मॅडम म्हणाल्या. त्या कधी येऊन मागे बसल्या होत्या कळलंच नाही.

शेवटी सनिका. टाचेला कोरडी पट्टी होती.

"माजो पाय अजून पुरो सुकाक नाय," ती म्हणाली. "पयल्या दिसाक मी येवचंय नाय. तिसऱ्या दिसाक वाट रस्त्यार येता ना, थंय सर धान्य घेवन जातले. तेव्हा सुको आसलो तर चढतंय. नसलो तर सरांवांगडा परत."

सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "पाय कोण बघणार?"

"टीचर बघतील," मी म्हटलं. "मी नाही."

"मग चालेल."

ते निघाले तेव्हा मी जीपजवळ उभा होतो. काठी बाबलीला दिली होती. वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी घाटातल्या रस्त्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. सनिका मागच्या सीटवर बूट घालून तयार. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तसा मी सारखा जीपमधून उतरून वाटेच्या तोंडाशी जाऊन बघू लागलो. मग झाडीतून आधी बाबलीचा आवाज आला, मग माणसं. टीचरनी आल्या आल्या सनिकाची टाच बघितली, बोटाने दाबली, वास घेतला. "चल," एवढंच म्हणाल्या.

सनिकाने सॅक चढवली, कमरेचा पट्टा ओढला आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभी राहिली. कुणाला सांगावं लागलं नाही.

रोहन मात्र सॅक उतरवत होता.

"सकाळी छाती भरून आली," तो म्हणाला. "पंप घेतला, बरं वाटलं. पण पुढे दोन दिवस रस्ता नाही. मी टीचरना सांगितलं, मी परत जातो."

"तेणें आपणेंच सांगलें हां," बाबली म्हणाला. "आमी विचारूंक नाशिल्लें."

डबे उतरवले, धान्य वाटलं. ओळ वर चढू लागली. शेवटची सॅक सनिकाची, ती बराच वेळ दिसत राहिली. आठवड्याअखेरीस सगळे धडधाकट उतरले. दोघांना फोड आले होते, दोन्ही टेपखाली.

आता मी दरवर्षी तीन-चार शाळांचे लीडर तयार करतो. खालूनच. कुणाला काही त्रास, असं सगळ्यांना एकत्र विचारत नाही. सगळ्यांनी मिळून दिलेल्या उत्तरात एकट्याचं दुखणं ऐकू येत नाही, आणि ट्रेक थांबतो तो त्या एकट्याच्या दुखण्याने. ट्रेनर म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते शिकवायला माझ्यापेक्षा माझा गुडघा जास्त उपयोगी पडला.

त्या तिसऱ्या दिवशी घाट उतरताना रोहन माझ्या शेजारी बसला होता. डोळे पुसून झाल्यावर त्याने विचारलं, "सर, पोरं हसतील ना मला?"

"थोडे दिवस."

वळण आलं. मी क्लच दाबला आणि माझं तोंड वाकडं झालं.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"दुखतंय," मी म्हणालो.

"मग हळू चालवा," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.